हस्तांदोलन पुनःप्रारंभ उपसमिती

माणूस हा मुळातच शांतताप्रिय प्राणी आहे. फक्त ती शांतता शेजाऱ्याच्या हातून घ्यावी लागू नये, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते. साथीच्या काळात ही अपेक्षा सरकारी आदेशानेच पूर्ण झाली आणि आमच्या चर्चमध्ये, मी चिटणीस झाल्यापासून कधी पाहिला नव्हता असा सलोखा नांदू लागला.

साथ ओसरली तसं चर्च टप्प्याटप्प्याने उघडलं. आधी दारं उघडली, मग गायनवृंदाची तोंडं उघडली (ही बंदी कायम ठेवावी अशी एक सूचना आली होती, सूचक ऑर्गन वाजवणारे गृहस्थच होते). मग दारातल्या कुंडात पवित्र पाणी आलं, बाकांवरच्या 'येथे बसू नये' अशा पिवळ्या पट्ट्या निघाल्या, ख्रिस्तप्रसाद पुन्हा रांगेत उभं राहून मिळू लागला. प्रत्येक टप्प्यावर लोकांना गहिवरून आलं. घरी सोफ्यावर लोळत मोबाइलवर मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, पाहण्यात ती गोडी नाही, असं सगळे एकमेकांना पटवून सांगू लागले आणि त्यांतले बरेचसे प्रत्यक्ष येऊही लागले.

आणि मग बिशपांच्या कार्यालयाचं पत्र आलं की आता शांतीची खूणही पूर्वीप्रमाणे, म्हणजे हातात हात देऊन, करण्यात यावी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मिस्सेत ख्रिस्तप्रसादाच्या थोडं आधी फादर म्हणतात, "एकमेकांना शांती द्या." मग प्रत्येकाने शेजारच्याचा हात हातात घ्यायचा आणि "शांती असो" म्हणायचं. साथीत याऐवजी जागेवरूनच मान लववण्याची सोय झाली. या सोयीची थोरवी वर्णावी तेवढी थोडी. मान लववली की ती नेमकी कुणासाठी लववली याचा काही पुरावा राहत नाही. एका दमात पाच-सहा जण उरकतात. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या डोक्यावरून मागच्या खांबालाही शांती देता येते. त्या काळात आमच्या खांबाला जेवढी शांती मिळाली तेवढी क्वचितच कुणाला मिळाली असेल.

पत्र वाचून दाखवलं आणि लोकांना एकदम साथीची आठवण झाली. आदल्याच आठवड्यात एका लग्नात गळ्यात गळे घालून नाचलेले लोक घसा धरून खोकू लागले. दंतवैद्य दिवसभर परक्यांच्या तोंडात हात घालतात, पण हस्तांदोलन आरोग्याला घातक असल्याचं मत त्यांनीच सर्वांत आधी दिलं (त्यांच्या डाव्या बाजूला त्यांचे भाडेकरू बसतात). एका सासूबाईंनी सुनेच्या प्रकृतीबद्दल जाहीर काळजी व्यक्त केली. अशी काळजी लग्नानंतर प्रथमच कानावर पडल्यामुळे सुनेला तिथल्या तिथे घेरी आली, आणि साथ अजून गेलेली नाही याचा तोच पुरावा धरण्यात आला. माझ्या ढोबळ अंदाजाने शंभरातल्या नव्वद लोकांना संसर्गाची भीती होती. उरलेले दहा जण एकेकटे बसणारे होते.

"पत्र आलंय म्हणजे करावं तर लागेल," फादर म्हणाले.

एखादी गोष्ट करावीच लागणार असं दिसलं की जबाबदार संस्था जे करते तेच आम्ही केलं. उपसमिती नेमली. अध्यक्ष म्हणून निवृत्त हेडमास्तर, वैद्यकीय तज्ज्ञ म्हणून इस्पितळातल्या नर्सबाई, आणि जनतेचे प्रतिनिधी म्हणून बेकरीवाले (बैठकीला बिस्किटं लागतातच). चिटणीस अर्थातच मी. नेमणुका जाहीर झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की नर्सबाई आणि बेकरीवाले हे सख्खे भाऊ-बहीण आहेत आणि त्यांचं बोलणं बंद आहे. पण तोवर ठराव झाला होता, आणि झालेला ठराव मागे घेणं हे भावंडांच्या भांडणापेक्षा वाईट, असं अध्यक्षांचं मत पडलं.

भांडण अगदी साधं होतं. साथीच्या ऐन भरात त्यांची आई गेली. (साथीने नव्हे, वयाने. पण त्या दिवसांत कशानेही गेलं तरी निरोप एकाच पद्धतीचा मिळत होता.) दफनाला दहाच माणसांना परवानगी होती. नर्सबाई तेव्हा तापाच्या वॉर्डात कामाला होत्या. भावाने त्यांना दफनभूमीच्या गेटवर अडवलं. म्हणाला, "तू वॉर्डातून आलीयेस, बाहेरच थांब." त्या थांबल्या. गजांमधून जेवढं दिसलं तेवढं त्यांनी पाहिलं, आणि आतली माणसंही मोजली. नऊच होती.

तेव्हापासून दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. तरी चर्च उघडल्यापासून दर रविवारी पाचव्या बाकावर दोघंही हजर असत, एक या टोकाला, एक त्या टोकाला. बाक आईचा होता आणि तो सोडायला कुणीच तयार नव्हतं. मधोमध आई बसायची. साथीतली पिवळी पट्टी नेमकी तिथेच चिकटवली गेली होती. इतर पट्ट्या निघाल्या, ही काढायचं धाडस कुणाला झालं नाही.

उपसमितीची बैठक चर्चच्या मागच्या खोलीत, दुमडत्या खुर्च्यांवर झाली.

"तर नर्सबाई," अध्यक्षांनी आशेने सुरुवात केली, "हस्तांदोलनात धोका आहे, असं आपलं मत..."

"नाही."

"थोडासा तरी?"

"हात धुतले की काही होत नाही."

"पण अगदीच नाही असं कसं म्हणता येईल?"

"सर, मघापासून आपण सगळे एकाच बशीत हात घालतोय. तुम्ही तर सहावं बिस्किट खाताय."

अध्यक्षांनी सातवं परत ठेवलं. हातातला हुकमी पत्ताच गेला होता. नर्सबाईंनी नुसतं 'धोका आहे' म्हटलं असतं तर सगळं चर्च त्यांना दुवा देत घरी गेलं असतं, आणि सर्वांत जास्त सुटका त्यांचीच झाली असती. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण खोटं बोलायची सवय नसली की माणूस असा स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

"अध्यक्षसाहेब," बेकरीवाले भिंतीकडे बघत म्हणाले, "तज्ज्ञांना विचारा, वॉर्डात काम करणाऱ्या माणसाच्या हाताचा पण धोका नसतो का?"

"सर, बेकरीवाल्यांना सांगा, आता नाही आणि तेव्हाही नव्हता," नर्सबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "मी आंघोळ करून, कपडे बदलून आले होते. आईसाठी फुलं आणली होती. ती मी गेटलाच बांधून आले."

अध्यक्षांनी सातवं बिस्किट पुन्हा उचललं आणि पुन्हा ठेवलं. इतिवृत्तात मी 'या मुद्द्यावर साधकबाधक चर्चा झाली' असं नोंदवलं.

शेवटी हस्तांदोलन प्रायोगिक तत्त्वावर सुरू करायचं ठरलं. सोबत काही मार्गदर्शक सूचना दिल्या: हात गरजेपेक्षा जास्त दाबू नये, शांती देताना जागेचे, भाड्याचे व सुनेचे विषय काढू नयेत, आणि एकदा दिलेली शांती घरी गेल्यावर परत मागू नये.

प्रयोगाच्या रविवारी चर्च इतकं लवकर भरलं की फादरांना भक्तीची लाट आल्यासारखं वाटलं. लोक खरं म्हणजे शेजारी निवडायला आले होते. तान्ह्या मुलांना भलतीच मागणी आली. ज्यांनी आयुष्यात स्वतःचं मूल कडेवर घेतलं नव्हतं असे बाप्ये दोन-दोन पोरं घेऊन बसले, कारण दोन्ही हात गुंतलेल्या माणसाला कोण काय म्हणणार? दंतवैद्यांनी उजवा हात गळ्यात बांधला होता. नर्सबाई आल्या आणि आपल्या टोकाला बसल्या. बेकरीवाले आधीच त्यांच्या टोकाला होते.

"एकमेकांना शांती द्या," फादर म्हणाले.

कधी नव्हे इतक्या बुटांच्या नाड्या एकदम सुटल्या. सगळे खाली वाकले. तेवढ्यात पाचवा बाक करकरला.

बेकरीवाले सरकत सरकत मध्यापर्यंत आले होते, थेट पट्टीवर. त्यांनी हात पुढे केला. तोंडाने 'शांती असो' म्हणायचं असतं, ते त्यांना जमलं नाही.

नर्सबाईंनी हाताकडे पाहिलं. "रात्रपाळीवरून सरळ आलेय मी," त्या म्हणाल्या. "वॉर्डातून."

"माहितीये."

"कपडेही बदललेले नाहीत."

"नसू देत."

"मागे वळून एकदा बघायचं तरी होतंस, दादा."

"चुकलो गं," बेकरीवाले म्हणाले. भट्टीपाशी भाजून राठ झालेला तो हात अजून पुढेच होता. नर्सबाईंनी सरकून तो दोन्ही हातांत धरला आणि त्या रडायला लागल्या. मोठ्याने, हुंदके देत, आईच्या दफनाला रडायचं राहिलं होतं तसं.

एवढ्या चर्चमध्ये एकही डोळा कोरडा राहिला नाही. माना उंचावून, टाचा वर करून, मागचे तर बाकांवर चढून ते दृश्य पाहत होते. सासूबाई हुंदके देत होत्या, सून हुंदके देत होती, प्रत्येकीचा रुमाल वेगळा होता. दंतवैद्यांनी तर दोन्ही हातांनी डोळे पुसले. निरीक्षण करणं हे माझं कर्तव्यच असल्याने मीही तिकडेच पाहत होतो. फादर बराच वेळ थांबले, सगळ्यांचे भिजलेले चेहरे पाहिले, शांती देऊन-घेऊन झाली असं समजले आणि पुढची प्रार्थना म्हणू लागले.

उपसमितीचा अहवाल मी त्याच आठवड्यात सादर केला. प्रयोग कमालीचा यशस्वी झाला. हस्तांदोलनं एकूण: एक. ते पाहून आमूलाग्र बदललेली माणसं: उरलेली सर्व. यापुढे दर रविवारी एका जोडीने सर्वांच्या वतीने समेट करावा आणि बाकीच्यांनी गहिवरावं, अशी शिफारसही आम्ही केली. तिला भरघोस प्रतिसाद मिळाला. प्रत्येकाने दुसऱ्या कुणाची तरी नावं सुचवली.

आणि वाचकहो, मघाशी तुमचाही गळा दाटून आला असेल तर लाजायचं कारण नाही. आमच्या अहवालात तुम्हालाही सामील करून घेऊ. मात्र इतका वेळ तुम्हीही पाचव्या बाकाकडेच पाहत होता. तेवढ्यात तुमच्या शेजारी कुणी हात पुढे करून, वाट बघून, मागे घेतला असेल, तर उपसमिती त्याला जबाबदार नाही.