भाऊजींचं कार्ड

"सहाशे एकाहत्तर," बँकेतल्या कर्ज विभागाच्या बाई म्हणाल्या.

"कितीपैकी?" काटेवाल्यांनी विचारलं.

"नऊशेपैकी."

काटेवाल्यांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि ते खुर्चीत जरा ऐसपैस बसले. जवळजवळ पंचाहत्तर टक्के. शाळेत त्यांना एवढे कधीच मिळाले नव्हते. पण बाईंनी तो आनंद फार वेळ टिकू दिला नाही. गाळ्यासाठी कर्ज हवं असेल तर पतीचा हा क्रेडिट स्कोअर किमान सातशे तीस लागतो, असं त्यांनी सांगितलं.

काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे गृहस्थ. गावातले निम्मे दुकानदार त्यांनी तपासलेल्या काट्यावर माल तोलत. त्यांची बायको चौदा वर्षं एका भाड्याच्या गाळ्यात पुस्तकं बांधायची. आता मालकानं गाळा विकायला काढला होता आणि जुनी भाडेकरू म्हणून तिला अडीच महिन्यांची मुदत दिली होती. तेवढ्यात पैसे उभे राहिले नाहीत, तर कागद कापायचं तिचं अर्ध्या टनाचं यंत्र भंगारात जाणार होतं, कारण ते घराच्या दारातून आत येण्यासारखं नव्हतं. तिच्या नावावर आजवर ना कार्ड होतं, ना कर्ज. बँकेच्या लेखी ती अजून जन्मलीच नव्हती. सगळी भिस्त नवऱ्याच्या आकड्यावर होती.

"माझं एकही बिल उशिरा गेलेलं नाही," काटेवाले म्हणाले. "अकरा वर्षांत एकही नाही. हा तुमचा काटा तपासतं कोण?"

बाईंना असे प्रश्न रोज येत असावेत. त्यांनी शांतपणे समजावलं. क्रेडिट कार्डाची मर्यादा एक लाखाची, आणि काटेवाले दर महिन्याला पंच्याण्णव हजार वापरतात. नंतर ते पै न् पै फेडतात हे खरं. पण बिल निघतं वीस तारखेला, ते पैसे भरतात दोन तारखेला, आणि पत मोजणाऱ्या संस्थेला कळवला जातो तो बिलावरचा आकडा. त्यावरून माणूस गळ्यापर्यंत बुडालेला दिसतो. येती दोन बिलं तीस हजारांच्या आत ठेवा, कार्ड बंद करू नका, दुसरीकडे कर्जाचे अर्जही टाकत फिरू नका, एवढंच करा, असं बाई म्हणाल्या.

एवढंच! खरी गोष्ट अशी होती की त्या पंच्याण्णव हजारांतले काटेवाल्यांचे स्वतःचे जेमतेम पंधरा असत. बाकी सगळं गोतावळ्याचं. धाकट्या भावाचे गाडीचे टायर, मेव्हणीचं कपडे धुण्याचं यंत्र, शेजाऱ्यांची विमानाची तिकिटं. काटेवाले कार्ड चालवत, लोक मागाहून रोख आणून देत, आणि पॉइंट जमवत. त्या पॉइंटांवर अकरा वर्षांत एक चाकांची बॅग आणि सहा कप मिळाले होते. कपांतला एक येतानाच फुटला होता. पण पॉइंट हे निमित्त. "भाऊजी, तेवढं तुमचं कार्ड द्या ना," असं कुणी म्हटलं की त्यांना आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं, आणि ते वाटणं त्यांना फार आवडायचं.

आता नाही म्हणायची पाळी आली. खरं कारण सांगावं तर लाज वाटे. बँकेला आपण कफल्लक दिसतो, हे कुणाला कसं सांगायचं? म्हणून मेव्हणीनं मिक्सरचं विचारलं तेव्हा ते "सध्या कार्ड जरा बाजूला ठेवलंय," म्हणाले. भावाला "पुढे बघू," म्हणाले. शेजाऱ्यांना पाहून ते जिना न चढता कोपऱ्यावर उभे राहिले.

अकरा वर्षं हो म्हणणारा माणूस एकाच आठवड्यात तिघांना टाळू लागला, याचा अर्थ लावायला फार डोकं लागत नाही. मेव्हणी भावाशी बोलली, भाऊ शेजाऱ्यांशी बोलला, आणि काटेवाले बुडाले यावर सर्वांचं एकमत झालं. मग माणुसकी सुरू झाली. शेजारीणबाई रोज वाटीभर भाजी देऊ लागल्या. वाण्यानं "पैशांची घाई नाही हो," म्हणत उधारीची वही मात्र आत ठेवून दिली. भावाचे टायरचे पैसे आठ महिने राहिले होते, ते तो न मागता देऊन गेला, आणि जाताना त्यानं दादाच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात काटेवाल्यांना जड गेला. आजवर थोपटायचं काम त्यांच्याकडे होतं.

इथपर्यंत ठीक होतं. पण हे बोलणं गाळेमालकाच्या कानावर गेलं.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका," तो गाळ्यात येऊन म्हणाला. "एक मोबाइलवाला रोख द्यायला तयार आहे. तुमच्याकडून आता जमेलसं मला वाटत नाही."

बायकोनं हातातली सुई खाली ठेवली. "अडीच महिने म्हणाला होतात. अजून बारा दिवस आहेत. तेवढा शब्द पाळा."

घरी आल्यावर तिनं हे सांगितलं तेव्हा काटेवाले उसळले. उद्या मेव्हणी फ्रीज घ्यायला जाणार होती. आपण सोबत जायचं, चारचौघांत आपल्या कार्डावर फ्रीज घ्यायचा, की सगळ्यांची तोंडं बंद. फ्रीज बेचाळीस हजारांचा होता आणि दुसरं बिल निघायला दोन दिवस होते, ते बायकोला ठाऊक होतं.

"कार्ड तुमचं आहे, नावही तुमचं आहे," ती म्हणाली. "मी नको म्हणणार नाही." आणि ती कागदांच्या घड्या घालू लागली.

फ्रीजच्या दुकानातला विक्रेता त्यांना चांगला ओळखत होता. "साहेबांचंच कार्ड ना?" त्यानं विचारलं आणि यंत्र पुढे केलं. मेव्हणी, भाऊ आणि काउंटरवरची दोन अनोळखी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे पाहू लागली. काटेवाल्यांचा हात खिशात होता आणि कार्ड बोटांना लागत होतं. त्यांना फार वाईट वाटत होतं.

"नाही," ते म्हणाले. "माझ्याच्यानं होणार नाही."

"असू द्या हो भाऊजी," मेव्हणी म्हणाली. आजाऱ्याची विचारपूस करताना काढतात तसा तिचा आवाज होता. तिनं फ्रीज हप्त्यांवर घेतला.

दुसरं बिल निघालं अठरा हजारांचं. स्कोअर झाला सातशे अडतीस, आणि मुदत संपायला दोन दिवस असताना कर्ज मंजूर झालं. गाळा बायकोच्या नावावर झाला. आता सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकू, असं ठरवून तिनं बहिणीला आणि दिराला गाळ्यात चहाला बोलावलं.

"बँकेनं कर्ज दिलं," तिनं आनंदानं सांगितलं.

बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "शेवटी कर्जच काढावं लागलं ना गं, ताई?"

काटेवाले घाईघाईनं समजावू लागले. पत चांगली असल्याशिवाय बँक कर्ज देत नाही, तीस टक्क्यांच्या आत कार्ड वापरावं लागतं, सातशे अडतीस म्हणजे उत्तम समजतात, वगैरे. भाऊ मान डोलावत सगळं ऐकत होता.

"हो दादा, अगदी बरोबर," तो हळूच म्हणाला आणि त्यानं खिशातून एक जाडसर पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. "आम्ही दोघांनी मिळून जमवलेत. परत द्यायचे नाहीत हं."

काटेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पाठ फिरवून कपात चहा ओतत होती. आजवर माणसं त्यांच्याकडे काहीतरी मागायला यायची, आणि मागणं संपलं की येणंही संपेल अशी भीती त्यांना आतून कायम होती. आज त्यांच्याकडे देण्यासारखं काही नाही असं पक्कं समजून ही दोघं आली होती. पाकीट परत करायचा मोठेपणा त्यांना त्या क्षणी जमला नाही. त्यांनी ते घेतलं, आणि खिशात कार्डाच्या शेजारी ठेवलं.