इजेक्टरला गावाची मदत

"यंत्रानं विजेचा दहावा हिस्सा वाचवला, तर कंपनी मला दोन वर्षं इथंच ठेवणार," वेगारने बटाटा सोलता सोलता सांगितलं. "नाही वाचवला, तर ऑस्लोच्या ऑफिसात."

"ऑस्लो," त्याचे बाबा म्हणाले. ग्रोसोय बेटावर हा शब्द लोक साधारण मूळव्याध म्हणावं त्या सुरात म्हणतात. एवढं बोलून आर्नफिन यांनी बटाट्यावर लोणी घातलं आणि विषय संपला, असं निदान वेगारला वाटलं.

यंत्र म्हणजे इजेक्टर. गुनवोरच्या दुकानामागच्या खोलीत कॉम्प्रेसरच्या शेजारी बसवलेला हातभर नळीचा तुकडा. त्यात हलणारं, फिरणारं काहीही नाही. दाबाखाली कोंडलेला वायू त्याच्या अरुंद तोंडातून सुसाट सुटतो आणि जाता जाता फ्रीजरकडून आलेल्या मलूल वायूला हाताला धरून पुढे नेतो. तेवढंच कॉम्प्रेसरचं ओझं हलकं. वेगार हे समजावून सांगायला लागला की ऐकणाऱ्याचे डोळे मिटायला लागत, पण पोरगा हुशार आहे याबद्दल गावात दुमत नव्हतं. मार्चमध्ये त्याने इजेक्टरशिवाय वीज मोजून ठेवली होती. एप्रिलमध्ये इजेक्टर जोडला.

आई गेल्यापासून बाबा एकटे होते, म्हणूनच त्याने हा प्रयोग हट्टाने आपल्या बेटावर ओढून आणला होता. हे त्याने बाबांना सांगितलं नव्हतं आणि बाबांनी विचारलं नव्हतं. आमच्याकडे असल्या गोष्टी बोलत नाहीत. समजून घेतात, आणि बहुतेक वेळा चुकीच्या समजून घेतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्नफिन दुकानातल्या कॉफीच्या टेबलाशी बसले आणि समोरच्या बोर्गहिल्ड बाईंना म्हणाले, "पोरगं जाईल म्हणतंय."

एवढ्या बोलण्यासाठी त्यांना दोन कप कॉफी लागली. पण बाईंना पुरेसं कळलं: वीज वाचली नाही, तर पोर गेलं. बाईंनी साऱ्या बेटाला पाढे शिकवलेले. निवृत्त होऊन जमाना लोटला, तरी त्या बोलायला लागल्या की पन्नाशीचे कोळीसुद्धा हात मागे बांधून उभे राहतात.

"फ्रीजरचं दार उघडलं की थंडी बाहेर पडते. मग मशीन जास्त चालतं," बाई म्हणाल्या. "चौथीत शिकवलंय मी. गुनवोर, तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतीस."

"मग काय करायचं, बाई?" काउंटरमागून गुनवोरने विचारलं.

"दार उघडायचं नाही."

"आणि मी विकू काय?"

"डबे वीक. पोर आपलं आहे ना?"

गुनवोरने डबे काढून पुढच्या फळीवर मांडायला घेतले. धक्क्याला रंग द्यायचा असो की कुणाचं उडालेलं छप्पर बसवायचं असो, गावकाम म्हटलं की आमच्याकडे नाही म्हणायची सोय नाही. आणि ज्याच्यासाठी काम करायचं त्याला कळू द्यायचं नाही, नाहीतर बिचाऱ्याला उपकाराचं ओझं होतं.

झालं. गावाने फ्रीजरकडे पाठ फिरवली. दुधाचं कपाट सकाळी आठला एकदाच उघडायचं ठरलं. सगळे आधीच येऊन दारासमोर दबा धरून बसत, गुनवोर "हं!" म्हणाली की हात आत, दूध बाहेर, दार बंद. शनिवारचा फ्रीजरमधला पिझ्झा गेला. माशांच्या तयार कांड्या गेल्या. आयुष्यभर समुद्रातून मासे ओढणारे आमचे कोळी ह्या कांड्यांवाचून किती कासावीस होतात, हे तेव्हा प्रथमच उघडकीला आलं. घरोघरी टोमॅटोतल्या बांगड्याचे डबे फुटू लागले.

"बाबा, आज पुन्हा डबा?" वेगारने विचारलं.

"आवडायला लागलाय," आर्नफिन म्हणाले आणि डोळे मिटून घास गिळला.

वेगार दिवसभर मागच्या खोलीत कानांवर आवाजबंद टोप्या चढवून आकडे बघत बसे, त्यामुळे दुकानात काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. आकडे मात्र असे खाली येत होते की तो स्वतःलाच चिमटे काढत होता.

खरी परीक्षा आली सतरा मेला. राष्ट्रीय दिन म्हणजे मिरवणूक, बँड, आणि मुलांना हवं तेवढं आइस्क्रीम. त्या दिवशी मुलाला आइस्क्रीम नाही म्हणणारा माणूस आमच्या देशात जन्माला यायचा आहे. बाईंनी तोड काढली. वेगारच्या हातात झेंडा देऊन त्याला मिरवणुकीच्या सर्वांत पुढे उभं केलं. झेंडेकऱ्याने मागे बघायचं नसतं, असा नियमही त्याच वेळी काढला. मग मागची निम्मी मिरवणूक हळूच दुकानात वळली. फ्रीजरपासून धक्क्यापर्यंत माणसांची साखळी लागली. दार एकदाच उघडलं आणि सगळी आइस्क्रीमं हातोहात बाहेर गेली. ज्याच्या वाट्याला जे येईल ते. चॉकलेटवाल्याला लिंबू, लिंबूवाल्याला पिस्ता. दोन पोरं रडली, पण तीसुद्धा दबक्या आवाजात.

महिनाअखेर वेगारने हिशेब केला. वीज निम्म्यावर आली होती.

ऑस्लोहून त्याचे साहेब हेन्निंग फोनवर अक्षरशः ओरडले. "निम्मी? अरे, जगात कुठल्या इजेक्टरला असं जमलेलं नाही! वेगार, तू तिथं काय करतोयस? ताबडतोब इकडे ये. अख्खा विभाग तुझ्या हाताखाली देतो!"

वेगार दुकानात आला, तेव्हा त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं. "प्रयोग यशस्वी झाला," त्याने सांगितलं. टाळ्या पडल्या. "म्हणून मला ऑस्लोला बोलावलंय."

टाळ्या थांबल्या. आर्नफिन यांच्या हातातला कप टेबलावर आला.

आनंद म्हणा, दुःख म्हणा, काहीतरी गोड खावं म्हणून वेगारने फ्रीजरचं दार उघडलं.

"दार!" बोर्गहिल्ड बाई कडाडल्या. अख्खं दुकान दचकून ताठ झालं. वेगारने दार लावलं आणि सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. ती चाळीस वर्षांपूर्वी बाईंच्या वर्गात खोडी पकडली गेलेल्या पोरांची तोंडं होती. मग हळूहळू त्याला सगळं कळलं.

"अहो, ही फसवणूक झाली!"

"फसवणूक कसली?" गुनवोर दुखावून म्हणाली. "मदत केली."

इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगावं तर यश खोटं ठरतं, न सांगावं तर गाव सुटतं. वेगारने खरं सांगितलं. हेन्निंग म्हणाले, "एक महिना पुन्हा मोज. दहावा हिस्सा खरोखर वाचला तर राहा तिथं दोन वर्षं. पण लोकांना म्हणावं, नेहमीसारखं वागा."

वेगारने गावाला सभागृहात बोलावलं, वॉफल खाऊ घातले आणि हात जोडले. "काही करू नका. नेहमीसारखं वागा."

"नेहमीसारखं म्हणजे दिवसातून किती वेळा?" एका कोळ्याने विचारलं.

"जेवढ्या वेळा लागेल तेवढ्या वेळा."

हे उत्तर कुणालाच आवडलं नाही. आपण पोराच्या प्रयोगाची वाट लावली, ही टोचणी गावाच्या जिवाला लागली होती. आता प्रामाणिकपणात कमी पडायचं नाही, असा सगळ्यांनी मनोमन निश्चय केला. जो तो येता जाता दार उघडू लागला. लोक उघड्या फ्रीजरपुढे उभं राहून हवामानावर बोलू लागले. बाई रोज येऊन वाटाण्याचं एकेक पाकीट हातात घेऊन वाचत आणि परत ठेवत. आर्नफिन तर दूध न्यायचे, मलई विसरली म्हणून परत यायचे, मग दूध नेल्याचं विसरून पुन्हा दूध न्यायचे.

"बाबा, घरात एवढं दूध कशाला?" वेगारने एकदा न राहवून विचारलं.

"नेहमीसारखंच आहे," आर्नफिन म्हणाले. त्यांचा चेहरा इतका आशेने भरलेला होता की वेगारला पुढे बोलवेना. त्याने मुकाट्याने तिसरा पेला प्यायला.

महिना संपला. वीज मार्चपेक्षाही जास्त लागली होती.

"तुझं यंत्र वीज वाचवतं की खातं?" हेन्निंग म्हणाले. वेगारने आणखी एक महिना मागून पाहिला. "नको. तुझ्या बेटावर माणसं आहेत तोवर तिथं प्रयोग होणार नाही. ये इकडे, टेबल रिकामं आहे."

निघायच्या दिवशी धक्क्यावर बापलेक बोटीची वाट बघत उभे होते. मासळीच्या कारखान्यात मेकॅनिकची जागा रिकामी होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. वेगार वाट बघत होता ती खरं तर बोटीची नव्हती. त्याला एक शब्द हवा होता.

"वारा नैऋत्येचा आहे," आर्नफिन म्हणाले.

"हो," वेगार म्हणाला. मग बोट आली.

काढायला माणूस पाठवणं परवडेना म्हणून इजेक्टर तिथंच राहिला. ऑक्टोबरात एका संध्याकाळी बाबांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करणारे नव्हेत, म्हणून वेगार घाबरूनच उठला.

"सगळं ठीक ना, बाबा?"

"ठीक. गुनवोरनं विजेची बिलं बघून तुला सांगायला सांगितलंय. तू गेल्यापासून त्या दाराकडे कुणी बघत नाही. ज्याला लागेल तो उघडतो. तर मशीन दहावा हिस्सा वाचवतंय. थोडं जास्तच."

वेगार खुर्चीत बसला. खिडकीबाहेर ऑस्लोच्या ट्राम चालल्या होत्या.

"म्हणजे चालतं तर," तो म्हणाला.

"चालतं," बाबा म्हणाले. "आम्ही मदत केली नसती, तर तू इथं असतास. मला फार वाईट वाटतं त्याचं."

"बाबा, मदतीचं राहू द्या. धक्क्यावर तुम्ही नुसतं 'राहा' म्हणाला असतात, तरी मी राहिलो असतो. कारखान्यात लागलो असतो."

"ती जागा गेल्या आठवड्यात भरली."

"असं."



"मग हे तेव्हाच सांगायचं नाही का, पोरा?" आर्नफिन म्हणाले. "मी महिनाभर बांगडा खाल्ला."