थांबत थांबत बरिशाल

नवं ग्राफिक्स कार्ड बसवून त्रिदिब गुहाने कॅबिनेटचं झाकण लावलं, हात झटकले आणि आईला हाक मारली. "मा, ये. विमान तयार आहे."

चारुशीलादेवी काठी टेकत आल्या. आता बांगलादेशात गेलेलं बरिशालकडचं गाव त्यांनी लहानपणी सोडलं, ते पुन्हा दिसलं नव्हतं. आणि आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्रिदिबला बाजूला घेऊन सांगितलं होतं की नजर फार दिवस टिकायची नाही, काय दाखवायचं ते दाखवून घ्या. पासपोर्ट, सरहद्द, प्रवास यातलं काहीच त्यांना झेपणारं नव्हतं. पण त्रिदिबच्या विमान उडवायच्या गेममध्ये सगळ्या पृथ्वीचं चित्र होतं. फक्त ते पावलोपावली अडायचं, म्हणून हे कार्ड. या एका उड्डाणासाठी त्याच्या बायकोने, झरनाने, दुर्गापूजेला यायच्या नव्या फ्रिजवर पाणी सोडलं होतं.

विमान उडालं आणि बेडकासारखं उड्या मारायला लागलं. एक ढग, मग काहीच नाही, मग तोच ढग. कसंबसं ते बरिशालच्या नदीच्या वळणापर्यंत पोचलं आणि तिथे रुतून बसलं. त्रिदिबने कपाळाला हात लावला आणि गेम बंद केला.

"हे तर आधीसारखंच," झरना म्हणाली. "फ्रिज निदान चालला तरी असता."

"नव्याला रुळायला वेळ लागतो गं," त्रिदिब म्हणाला. त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता.

मग त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. कार्ड काढून पुन्हा बसवलं. त्याचं सॉफ्टवेअर नव्याने भरलं. भार हलका व्हावा म्हणून चित्रातली निम्मी झाडं काढली, सावल्या काढल्या, पाण्याची चमकही काढली.

"बरिशालमधून पाणी काढलंस तर उरलं काय रे, खोका?" चारुशीलादेवींनी विचारलं. केस पिकलेल्या मुलाला त्या अजून खोका, म्हणजे बाळच म्हणत.

विमान तसूभरही सुधारलं नाही. कॅबिनेटचा पंखा तेवढा घरघरायला लागला. त्रिदिब चहा प्यायला उठला आणि परत येऊन बघतो तर कॅबिनेटवर आईची शाल.

"मा, अगं, आधीच गरम झालंय ते."

"ताप आहे ना? मग पांघरूण नको? छाती केवढी भरलीय त्याची."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे अनादिकाका चहाच्या वासावर वर आले. होमिओपॅथीचे डॉक्टर. आजारी कोण आहे हे न विचारता त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"त्रास कधी वाढतो? सकाळी की सूर्य मावळल्यावर?"

"सतत."

"डावीकडे वळताना की उजवीकडे?"

"काका, ते विमान आहे."

"असेना का. औषध नवं आणि गुण नाही, म्हणजे पथ्य मोडतंय. माझे रोगी असेच. गोळ्या माझ्या घेतात आणि कॉफी चालूच ठेवतात. जुनी कुठली सवय सुटलेली नाही, ते शोध."

त्रिदिब तोंडावर हसला, पण गपचूप टेबलाखाली शिरला. कॅबिनेटच्या पाठीमागे नव्या कार्डाच्या खाचा चकचकीत आणि रिकाम्या. मॉनिटरची केबल अजून वरच्या जुन्या खाचेतच. लग्नाला बोलावून जेवायला न विचारलेल्या पाहुण्यासारखं कार्ड आपलं आत नुसतं बसून होतं.

"सापडली कॉफी?" काकांनी वरून विचारलं.

"सापडली, काका," टेबलाखालून पडलेला आवाज आला.

काढलेली झाडं, सावल्या, पाणी त्याने परत आणलं. केबल नव्या खाचेत गेली आणि विमान सुळकन निघालं. भातखाचरं मागे पडली, नदीतून नद्या फुटत गेल्या, पाणी लखलखलं. त्रिदिब आईकडे वळला. "मा, दिसतंय ना?"

"काय दिसायचंय? हे कुणाचं गाव गेलं? ते कुणाचं? मला उतरव, खोका. भोवळ येतेय."

त्याने घाईघाईने वेग कमी केला, तर विमान नाक खाली घालून कुणाच्या तरी तळ्यात पडलं. "विमान हळू चालत नाही, मा."

"मघाशी चालत होतं की. वळणावर छान थांबलं होतं. शेजारच्या दत्तांचं तळं सापडलं मला. त्याच्या पलीकडे आमचा घाट यायचा, तेवढ्यात तू बंद केलंस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू रडवेला झाला होतास. मला वाटलं, बिघाड तुझ्यातच आहे." त्यांनी चष्मा पदराला पुसला. "आमची आगबोट अशीच जायची. घाटाघाटाला थांबत. तिला कुणी औषध दिलं नाही."

त्रिदिब झरनाकडे बघायचं टाळून पुन्हा टेबलाखाली गेला. नव्या खाचेतली केबल त्याने काढली आणि जुन्या खाचेत लावली.

विमान बेडकासारखं उड्या मारत वळणापर्यंत आलं आणि अडकलं. चारुशीलादेवी इतक्या पुढे वाकल्या की नाक मॉनिटरला टेकलं. "ही सुपारीची रांग. हा घाट. इथून मी मागे वळून बघत होते, तर बाबा म्हणाले, पुढे बघ."

चित्र किंचित हललं. अडणाऱ्या विमानाला सकाळपासून शिव्या घालणारा त्रिदिब मनातल्या मनात म्हणाला, जरा थांब बाबा. आणि ते थांबलं.