सतरा सॉफ्टवेअर आणि एक क्लॅरिनेट

"सगळ्या पासष्ट रेकॉर्डी पंधरा दिवसांच्या आत कॉम्प्युटरात! एक खरखर नाही, एक टकटक नाही. ऐकाल तर वाटेल, बाबा शेजारी बसून वाजवताहेत!"

दादाने ही घोषणा करताना जेवणाच्या टेबलावर अशी मूठ आपटली, की पाण्याचा पेला आडवा झाला. बायकोने फडकं आणलं. गेली सव्वीस वर्षं ती दादाच्या घोषणांमागून फडकं घेऊनच फिरत होती.

दादा म्हणजे बाजारातला चष्मेवाला. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवायची आणि विचारायचं, "पहिलं स्पष्ट की दुसरं? दुसरं की तिसरं?" त्यामुळे निवड करावी तर आपणच, अशी त्याची पक्की समजूत होती. त्याचे वडील एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. मागे राहिल्या होत्या या पासष्ट रेकॉर्डी, सगळ्या वाद्यसंगीताच्या. त्यातली एक म्हणजे घराचा जीव की प्राण, कारण ती बाबांच्या बँडचीच होती! आवरणावर सात माणसं, डावीकडून तिसरे बाबा, हातात क्लॅरिनेट, केसांना इतकं तेल की फोटोतसुद्धा चकाकत होतं.

घाई अशासाठी, की आईच्या गुडघ्यांना आता जिना झेपत नव्हता. खालची उजेडाची खोली तिला द्यायची होती आणि त्या खोलीत रेकॉर्डींचे खोके ठाण मांडून बसले होते. समोरच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर सगळ्या रेकॉर्डी न्यायला एका पायावर तयार होते. मशिनच्या घरघरीऐवजी पेशंटच्या कानावर काहीतरी सुरेल पडावं, एवढीच त्यांची इच्छा. दोन आठवड्यांनी रविवारी सकाळी ते येणार होते आणि त्याच रविवारी आईला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती.

मग काय, दादाने सॉफ्टवेअर निवडायला घेतलं. एक नाही, दोन नाही, सतरा उतरवून घेतली! घरात जो दिसेल त्याच्या डोक्यावर हेडफोन आणि त्यात सॉफ्टवेअरबरोबर आलेली नमुन्याची धून.

"पहिलं बरं की दुसरं?" त्याने बायकोला विचारलं.

"दोन्ही सारखंच."

"सारखं कसं असेल? नीट ऐक! मान सरळ. हनुवटी जरा पुढे..."

"अहो, मी तुमची बायको आहे, गिऱ्हाईक नाही!"

गिऱ्हाइकंही सुटली नाहीत. वाचायचा चष्मा करायला आलेले एक गृहस्थ तासाभराने अकराव्या सॉफ्टवेअरला पसंती देऊन बाहेर पडले. चष्मा करायचा राहूनच गेला.

चौथ्या दिवशी निकाल लागला. चौदावं सॉफ्टवेअर! त्यात सगळ्यात जास्त बटणं होती. शिवाय एक सरकती पट्टी होती, 'मागचा नको असलेला आवाज काढा', शून्यापासून शंभरापर्यंत. दादाने ती सरळ शंभरावर नेली. अर्ध्यामुर्ध्यावर समाधान मानणारी माणसं वेगळी!

सुरुवातीला सॉफ्टवेअरने नम्रपणे विचारलं होतं, 'आवाज कुठून घेऊ?' खाली चार नावं होती आणि पहिल्यावर आधीच खूण होती. आता सतरातून एक निवडलेला माणूस असल्या किरकोळ चौकशीला थांबतो का? दादा 'पुढे' दाबून मोकळा झाला. घोड्याने पेंड खाल्ली ती नेमकी इथेच! पण ते कळायला तो रविवार उजाडावा लागला.

पुढचे दिवस त्या खोलीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत रेकॉर्ड फिरत होती. "आवाज बारीक ठेवा हो, फोनवर काही ऐकू येत नाही," अशी बायकोची ताकीद होती. घरचा फोन त्याच खोलीत होता, म्हणून प्लेअर अगदी हळू वाजायचा. दुकानातून दर अर्ध्या तासाने धावत यायचं, रेकॉर्ड उलटायची, परत पळायचं. वजन दीड किलोने उतरलं.

धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, एखादी ऐकून तरी बघितलीस का?"

"ऐकायचं काय त्यात? प्रत्येकीखाली हिरवी खूण आलीय. शुद्धता शंभर टक्के!"

रविवारी सकाळी डॉक्टर गाडी घेऊन आले. खोके चढले. बायकोने बाबांची रेकॉर्ड तेवढी छातीशी धरून ठेवली होती.

"ही ठेवायची ना?"

"अगं, आता कशाला? इथे आहे ती कायमची!" दादाने कॉम्प्युटरवर थाप मारली. "आवरण भिंतीला लावू. रेकॉर्ड जाऊ दे. माणसाने मन मोठं ठेवावं. डॉक्टर, प्लेअरही घेऊन जा!"

डॉक्टर भारावले. जाताना त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा दादाला आपली उंची दोन इंच वाढल्यासारखी वाटली.

दुपारी मंडळी जमली. आई मधल्या खुर्चीत, शेजारी धाकटी आणि तिचा नवरा, मागे दोन शेजारी. दादाने घसा साफ केला.

"आई, ही तुला भेट. बाबांची क्लॅरिनेट. जशी होती तशी!"

त्याने बटण दाबलं. आईने डोळे मिटले. आणि खणखणीत, स्वच्छ, शेजारी बसून बोलल्यासारखा आवाज आला...

"अगं, सात दिवस झाले! हा माणूस जेवतानासुद्धा हेडफोन काढत नाही. परवा चमचा कानात घालत होता!"

आवाज दादाच्या बायकोचा होता. क्लॅरिनेटचा मागमूस नव्हता!

"चुकून लागलं," दादा म्हणाला आणि त्याने पुढचं लावलं.

"ती फुलदाणी ना, वन्संनी दिलेली? कपाटावर पालथी घालून ठेवलीय. चित्र बघवत नाही हो!"

"पालथी?" धाकटीने मान वळवली. वहिनीला अचानक स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवलं.

दादाने सॉफ्टवेअरची ती सुरुवातीची चौकशी पुन्हा उघडून पाहिली. सॉफ्टवेअरने आवाज घेतला होता तो कॉम्प्युटरच्या स्वतःच्या माइकमधून! खोलीत हळू वाजणारं संगीत त्याला 'मागचा नको असलेला आवाज' वाटलं. ते त्याने शंभर टक्के पुसून टाकलं आणि घरातलं बोलणं मात्र घासूनपुसून लख्ख ठेवलं.

घाईघाईत दादा बंद करायला गेला आणि तिसरं सुरू झालं. आता आवाज आईचा होता. ती मैत्रिणीशी फोनवर कुजबुजत होती.

"मुलाने केलेला? छे गं! त्यातून एका दिव्याचे तीन दिवे दिसतात. हा मी गुपचूप चौकातल्या दुकानातून करून घेतलाय. फ्रेम तशीच घेतली, त्याला पत्ता नाही!"

शेजाऱ्यांनी छताकडे पाहिलं. आईने डोळे उघडले, चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली.

"आई! चौकातल्या?" दादाच्या तोंडून एवढंच फुटलं.

"ते मरू दे," धाकटी उठली. "बाबांची रेकॉर्ड कुठाय?"

मग अख्खी वरात रस्त्यावर! पुढे दादा, मागे धाकटी, तिच्या नवऱ्याचा हात धरून आई, आणि शेवटी फडकं हातातच राहिलेली बायको. रविवारी दवाखाना बंद असायचा, पण कुणाची तरी दाढ ऐन सुट्टीत ठणकली होती, त्यामुळे दार उघडं होतं. आत खुर्चीत पेशंट आडवा, तोंडात कापसाचे बोळे, आणि कोपऱ्यात प्लेअर फिरत होता. क्लॅरिनेट वाजत होती.

"बाबा!" दादा प्लेअरकडे झेपावला.

"हात लावू नका!" डॉक्टर ओरडले. "पहिल्यांदाच पेशंट हातपाय न झाडता पडलाय. रेकॉर्ड संपेपर्यंत माझं काम होईल, मग न्या!"

"आँ... आँ," पेशंटने दुजोरा दिला.

सगळे बाकावर दाटीवाटीने बसले आणि ऐकू लागले. थोडी खरखर होती, मधूनच एक टकटक होती, पण त्यातून क्लॅरिनेट अशी वर चढत गेली, की धाकटीच्या डोळ्यांतून धार लागली. वहिनीने तिला फडकं दिलं. तिने ते घेतलंही. दादाच्या मनात आलं, एवढी मौल्यवान गोष्ट आपण देऊन बसलो होतो!

"बाबांचा श्वास ऐकू येतोय," तो पुटपुटला.

"ते बाबा नव्हेत रे," आई म्हणाली.

मशिन थांबलं. डॉक्टर वळले. पेशंटने डोळे उघडले.

"फोटो आठवडाभर आधी काढला होता," आई सांगू लागली. "रेकॉर्डिंगच्या दिवशी हे घरीच. वाजवणार कशाने? क्लॅरिनेटच्या तोंडाशी ती नाजूक पट्टी असते ना, सकाळी पेटी उघडून बघतात तर तिचा पार चोथा! दुसरी वेळेवर मिळेना. मग बँडवाल्यांनी भलत्यालाच उभं केलं."

"म्हणून बाबा ही लावली की उठून बाहेर जायचे?" धाकटी म्हणाली. "आम्हाला वाटायचं, लाजतात! पण पट्टी चावली कोणी? उंदराने?"

"त्या महिन्यात घरात दात येत होते ते एकालाच," आई म्हणाली आणि तिने दादाकडे पाहिलं. "हे म्हणाले होते, मोठा झाला तरी सांगू नकोस, मनाला लावून घेईल."

पेशंटला हसू असं फुटलं, की कापसाचे बोळे थेट डॉक्टरांच्या चष्म्यावर! डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि सवयीने बाकावरच्या दादाकडे वळून म्हणाले, "बघू, तोंड उघडा."

दादाने ते घट्ट मिटून घेतलं.