एक्क्याऐंशीचा सदरा

तक्तेभाऊंना तीन आठवडे खोकला होता आणि दुपार कलली की अंगात कणकण भरे. बायको रोज म्हणे, "एकदा दाखवून या." ते म्हणत, "गल्लीत दवाखाना होऊ दे, पहिला मीच जातो." सरकारी इस्पितळ दोन बस बदलून होतं. गल्लीतल्या दवाखान्याचा कागद चार वर्षं वरच्या मजल्यावर पडून होता, आणि तो हलावा म्हणूनच तक्तेभाऊ आरोग्य खात्यात बसून एक तक्ता आखत होते. संसर्गजन्य आजारांच्या शंभर रोग्यांपैकी किती जणांपर्यंत उपचार पोचतात? शेजारच्या देशात एक्क्याऐंशी, आपल्याकडे सेहेचाळीस. हे वाचून वरच्यांना लाज वाटेल, असा साहेबांचा हिशोब होता.

साहेबांना आपला देश कधी डावीकडे हवा असे, कधी उजवीकडे. म्हणून तक्तेभाऊ देशांची नावं कागदाच्या पट्ट्यांवर लिहीत आणि साहेबांची लहर पाहून शेवटी डिंकाने चिकटवत.

त्या दुपारी निळ्या पडद्यातून ऊन आत आलं आणि तापलेल्या तक्तेभाऊंना खोली हळूहळू पाण्याने भरतेय असं वाटू लागलं. आकडे तरंगायला लागले. दोन्ही देश एकाच दोरीवर वाळत घातलेले सदरे झाले, एकाला सगळी बटणं, दुसऱ्याला निम्मीच. पंख्याने पट्ट्या उडाल्या. तक्तेभाऊंनी त्या मोठ्या समाधानाने वेचल्या आणि चिकटवल्या. इतकं छान त्यांना बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी वरून पत्र आलं. आपण शेजाऱ्यांच्या कितीतरी पुढे आहोत, अभिनंदन, नव्या दवाखान्याची गरज दिसत नाही.

तक्तेभाऊ साहेबांच्या खोलीत गेले. "साहेब, पट्ट्या उलट्या लागल्यात."

साहेब खाली बसले. "कुणाकुणाला माहीत आहे?"

"आपल्या दोघांना. आणि ज्यांना औषध मिळत नाही त्यांना."

"मग तोंडाला कुलूप लावा. मंत्र्यांचं भाषण झालंय."

पण शेजाऱ्यांनीही ते भाषण ऐकलं होतं. त्यांचं नम्र पत्र आलं: हे आपण कसं साधलंत ते पाहायला आमच्या डॉक्टरीणबाई पुढच्या आठवड्यात येत आहेत. वरच्या मजल्यावर धावपळ उडाली. दाखवायला निदान एक दवाखाना हवा, आणि कागद तयार असलेला दवाखाना एकच होता. चार वर्षांत जे झालं नाही ते आठ दिवसांत झालं. गल्लीतल्या रिकाम्या दुकानाला चुना लागला, सूक्ष्मदर्शक आला, औषधं आली, एक डॉक्टरही आला.

"सगळं झालं," साहेब म्हणाले, "पण पेशंट कुठून आणायचा?"

तक्तेभाऊ खोकले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

पाहुण्या डॉक्टरीणबाईंनी त्यांची छाती तपासली, थुंकी काचेवर घेऊन स्वतः पाहिली. "क्षय आहे. सहा महिने औषध, एक दिवस चुकवायचा नाही. बरे व्हाल." सोबत आलेल्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. ती घाबरली होती आणि तिला सुटल्यासारखंही वाटत होतं.

साहेब बाहेर गेल्यावर तक्तेभाऊंना राहवेना. "बाई, ते एक्क्याऐंशी आहेत ना..."

"आमचे आहेत. मीच मोजलेत."

"मग आलात कशाला?"

"दुसऱ्याचा सदरा घालून कुणी हिंडत असेल तर त्याच्याकडे स्वतःचा नसतो. म्हटलं, बघून यावं." त्यांनी औषधांच्या कपाटाकडे पाहिलं. "मी दर सहा महिन्यांनी येणार, असं तुमच्या साहेबांना आत्ताच सांगितलंय. तेवढं असलं की दवाखाना बंद पडत नाही."

सहा महिन्यांनी तक्तेभाऊंनी नवा तक्ता आखला. या वेळी पट्ट्या नव्हत्या, देशांची नावं त्यांनी आधीच शाईने लिहिली होती. साहेबांनी आपल्या देशाचा रकाना पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सत्तेचाळीस? एवढं सगळं करून एकच वाढला?"

"हो साहेब," तक्तेभाऊ म्हणाले. "पण त्या एकाची बायको आता रात्री झोपते."