शेगडीची ने-आण

विषय : डोंगरावरच्या घरी सामान पोचवण्यासाठी स्नोमोबाइल चालवण्याचा परवाना.
संदर्भ : एक बिडाची शेगडी, आणि हालवारचा स्वभाव.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, आमच्या खोऱ्यात मौजेखातर डोंगरावर ही बर्फावरची गाडी उडवायला बंदी आहे. रेनडियर बुजतात, शांतता भंगते, वगैरे कारणं आहेत आणि ती योग्यच आहेत. वरच्या घरी सामान न्यायचं असेल, तर मात्र पालिका परवाना देते. त्यामुळे आमच्याकडे मौजेखातर गाडी कोणीच चालवत नाही. सगळे सामान नेतात. पाद्रीणबाई हिवाळाभर चार खुर्च्या वर नेतात आणि खाली आणतात. समोरच्या गुडमुंडची एक गुंडाळलेली गादी आहे. ती गादी जेवढा डोंगर हिंडली आहे, तेवढा खुद्द गुडमुंड पायी हिंडलेला नाही. गाडीमागच्या घसरगाडीवर काहीतरी बांधलेलं दिसलं, की डोंगर-निरीक्षक मारित लांबून हात हलवते आणि दुसरीकडे बघते. हालवारच्या घसरगाडीवर बिडाची शेगडी असे.

हालवार पालिकेच्या पाणीपट्टी खात्यातून निवृत्त झाला होता. उभ्या नोकरीत त्याने मीटरवर विश्वास ठेवला, माणसावर नाही. त्याच्या बायकोचं, आस्लाउगचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि स्कीवर चढून वर जाणं आता तिला जमणार नव्हतं. डोंगरावरचं घर तिच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. जन्मापासून तिचा एकही ईस्टर त्या घराबाहेर गेला नव्हता. म्हणजे परवाना आहे तर ईस्टर आहे, परवाना नाही तर खाली बसून एकमेकांची तोंडं बघायची. (चाळीस वर्षांच्या संसारानंतर हा पर्याय दोघांनाही भीतीदायक वाटत होता.)

म्हणून हालवारने जुन्या बाजारातून गाडी घेतली. साधी चालली असती. पण त्याने घेतली खास डोंगरी, लांब पट्ट्याची, छातीभर भुसभुशीत बर्फात म्हशीसारखी पोहणारी. शेगडी न्यायला एवढा दांडगोबा कशाला, असं आस्लाउगने विचारलं. शेगडी जड आहे, असं तो म्हणाला.

त्यानंतर दर शनिवारी तो शेगडी घेऊन वर जाई, खिंडीपलीकडच्या उतारांवर मनसोक्त हुंदडे आणि शेगडी घेऊन परत येई. धुराड्याची नळी बसत नाही, जरा घासून आणावी लागेल, असं घरी सांगे. आस्लाउग मान डोलावी. बायको एकच सबब इतके शनिवार ऐकून घेते, याचाच खरा संशय यायला हवा होता. पण हालवारच्या संशयाला घराबाहेर हिंडायची सवय होती.

एका गुरुवारी त्याने गाडी सुरू केली आणि हँडल तापून लाल व्हायचंच बाकी राहिलं. हँडलचा हीटर तो कायम सगळ्यात खालच्या खुणेवर ठेवी (बॅटरी वाचते, बोटांचं काय, ती दहा आहेत). आता तो सगळ्यात वर होता. पुढच्या आठवड्यात शेगडीच्या दोरीची गाठ त्याची नव्हती. चांगली होती. चाकांच्या जागी असलेला पट्टा बर्फाला चिकटून गोठू नये म्हणून तो गाडीखाली दोन फळ्या कशातरी सरकवून ठेवी, त्या एका रेषेत लावलेल्या होत्या. आणि पेट्रोलची टाकी काठोकाठ भरलेली.

चोर गाडी नेतो, परत आणतो आणि वर पेट्रोल भरून ठेवतो, हे हालवारला सगळ्यात संशयास्पद वाटलं. एवढा सज्जन चोर म्हणजे काहीतरी मोठा डाव असणार.

आस्लाउगला सांगितलं, तर वय झालं की माणसाला स्वतःच्या गाठी ओळखू येत नाहीत, असं ती म्हणाली आणि विणकामाच्या सुया शोधायला गेली.

राहता राहिला गुडमुंड. त्याच्याविरुद्ध पुरावा भक्कम होता. एक, त्याच्या स्वतःच्या गाडीचं इंजिन स्वयंपाकघरात ओट्यावर उघडं पडलं होतं. दोन, गाडीबद्दल तो कधी काही विचारत नसे. आणि न विचारणाऱ्याला सगळं माहीत असतं, हा पाणीपट्टीतला अनुभव. तीन, सगळे प्रकार बुधवारचे. बुधवारी हालवार बसने शहरात बुद्धिबळ खेळायला जाई आणि आस्लाउग विणकाम मंडळात. घर रिकामं.

त्याने मारितला फोन लावला. कोणीतरी माझी गाडी चोरून डोंगरावर मौज करतंय, या बुधवारी खिंडीत थांब आणि पकड, असं सांगितलं. वर, माझी शेगडीही नेतो, असंही सांगून टाकलं.

पलीकडून मारितने विचारलं,

"काका, ती शेगडी अजून खालीच आहे?"

इथे फोन ठेवायला हवा होता. पण हालवार म्हणाला, "ते आपण नंतर बघू. आधी चोर पकड."

बुधवारी तो बसमध्ये चढला, पुढच्या थांब्यावर उतरला आणि मागच्या बाजूने थेट गुडमुंडच्या दारात उभा राहिला. बेत साधा होता. गुडमुंड डोळ्यांसमोर असेपर्यंत गाडी जागची हलणार नाही. आणि तो काही निमित्त काढून उठला, की चोर सापडला. गुडमुंडने इंजिन जरा बाजूला सारून कॉफी ठेवली, वॉफलवर तपकिरी चीजचे काप घातले. हालवारने त्याच्यावरची नजर काढली नाही. गुडमुंड मात्र निवांत होता, आणि हेही संशयास्पदच होतं.

तेवढ्यात बाहेर इंजिन गुरगुरलं. हालवारला आपल्या गाडीचा आवाज झोपेतही ओळखू आला असता.

तो खिडकीकडे धावला. त्याची गाडी, त्याची शेगडी, आणि वर आस्लाउग. बसलेली नाही, उभी. एक पाय पायदानावर, अंग डोंगराच्या बाजूला झुकवून तिने वळण असं घेतलं, की तसं हालवारला अजून शेगडी सोडूनही जमलं नव्हतं.

"वहिनी आता छान चालवतात," गुडमुंड मागून म्हणाला. "सुरुवातीला जरा दचकायच्या."

"तुला माहीत होतं?"

"तुला सोडून सगळ्यांना. विणकाम मंडळ पेट्रोलला वर्गणी काढतं. मला वाटलं, तूच शिकवलंस. मग तुझं चालवणं पाहिलं, तेव्हा कळलं की नाही."

हालवारने मारितला फोन लावला. लागला नाही. खिंडीत रेंज नसते. त्याने लावला, पुन्हा लावला, मग गार झालेलं वॉफल खाल्लं, कारण करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

दोन गाड्या खाली आल्या. पुढे आस्लाउग, मागे मारित. हालवार अंगणात उभा होता.

"तुझा गुडघा?" त्याने विचारलं.

"गाडीवर दुखत नाही. तुझ्याबरोबर चालताना दुखतो."

"मला सांगायचं तरी."

"तू तक्रार करण्याआधी मला सांगितलंस?"

मारितला वाईट वाटत होतं. ती म्हणाली, "काका, मी आजवर शेगडीकडे बघितलं नव्हतं. तुम्ही फोन करून बघायला लावलंत. आता बघितल्यावर मी काय करू?"

तिने नियमाप्रमाणे केलं. परवाना रद्द झाला. शेगडी तिच्या देखरेखीखाली शेवटची वर गेली. धुराड्याची नळी पहिल्याच फटक्यात बसली. आस्लाउगने नळीकडे पाहिलं, मग हालवारकडे. मारित आता प्रत्येकाचं सामान तपासू लागली, त्यामुळे खोऱ्यात त्याच्याशी फारसं कोणी बोलेना. पाद्रीणबाईंच्या चारही खुर्च्या वरच राहिल्या आणि गुडमुंड कित्येक वर्षांनी गादीवर झोपू लागला.

मग आस्लाउगने डॉक्टरांचा दाखला जोडून स्वतःच्या नावाने नवा अर्ज केला. न्यायच्या सामानाच्या रकान्यात तिने लिहिलं : नवरा, एक. जुना. स्वतःहून चढण चढत नाही.

सदर वस्तू वरच्या घरी कायमची ठेवण्यात येणार आहे की परत खाली आणण्यात येणार आहे, असा खुलासा पालिकेने मागवला. अजून ठरलेलं नाही, असं आस्लाउगने कळवलं आहे.

ईस्टर पुढच्या आठवड्यात आहे. अर्ज विचाराधीन आहे.