गाठियाचा विसर

कोलेस्टेरॉलची तपासणी पास कशी व्हायची, हे अख्ख्या भावनगरात माझ्याइतकं कुणाला कळत नाही. तपासणीआधी पंधरा दिवस नुसती मुगाची डाळ आणि भाकरी खायची. रक्त दिलं की थेट तळलेल्या बेसनी गाठियाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, जायचं. पस्तीस वर्षं पोरांच्या परीक्षा घेतलेला मास्तर मी, परीक्षेच्या तोंडावरची तयारी मला कोण शिकवणार?

पण यंदा नवे डॉक्टर आले. त्यांनी माझे जुने आकडे, ठरलेल्या तपासणीचे आणि मध्येच अचानक घेतलेल्या रक्ताचे, शेजारीशेजारी मांडले आणि म्हणाले, "धीरजकाका, हा तर झोपाळा आहे." उतारवयात आकडे असे खालीवर होत राहिले, तर विसराळूपणाचा धोका वाढत असावा असं काही अभ्यासांत दिसलंय, नक्की कारण अजून कळलेलं नाही, पण जपा, असं त्यांनी सांगितलं. माझी बायको रंभाबेन शेजारीच बसली होती. त्याच दिवशी घरातला गाठियाचा डबा पुतण्याकडे गेला.

चौथ्या दिवशी तिनं मला लारीवर पकडलं. तोंडात गाठिया, हातात तळलेली मिरची. पण माझं डोकं अशा वेळी फार झपाट्यानं चालतं.

"अगं, ते बंद केलंय हे मी विसरलोच," मी म्हणालो.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती नुसती पांढरीफटक पडली आणि माझा हात धरून, रस्ता ओलांडून मला घरी घेऊन आली.

संध्याकाळपर्यंत मुलगी फाल्गुनी वडोदऱ्याहून हजर. स्कूटरची किल्ली गेली, खिशात नावपत्त्याची चिठ्ठी आली. शेजारचा परेश मोठ्या आवाजात स्वतःची ओळख करून देऊन गेला. मी म्हटलं, होऊ दे, दोन दिवसांत निवळेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंभाबेन जवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "आपलं लग्न कुठं झालं, आठवतं?"

"पालिताण्यात. तुझ्या मामांची पगडी कढीत पडली होती."

ती हसली, आणि हसताहसता पदर डोळ्यांना लावून रडली. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण मी मामांच्या पगडीचीच उरलेली गोष्ट सांगत बसलो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे स्मरणशक्तीची तपासणी. मुद्दाम दोनचार चुका कराव्यात असं मनात होतं, पण समोर प्रश्न आला की मला राहवत नाही. पाच शब्द सुलटे सांगितले, उलटे सांगितले. शंभरातून सात-सात वजा करताना डॉक्टरांचीच एक चूक दाखवून दिली.

"काका, स्मरणशक्ती उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "काही म्हणता काही विसरत नाही तुम्ही."

फाल्गुनीनं माझ्याकडे पाहिलं. रंभाबेननं मात्र डॉक्टरांना हात जोडले.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "तुमचं डोकं शाबूत आहे, म्हणून मी वाचले. आता तुम्ही वाचता का, ते घरी गेल्यावर बघू."

मी रिक्षावाल्याला जरा लांबच्या रस्त्यानं घ्यायला सांगितलं.